कै. विष्णुपंत दामले

शाळेच्या वार्षिकांत थोरांचीं चरित्रें छापण्याचा प्रघात जुना आहे. राजे, संत, समाजसुधारक व शास्त्रज्ञ यांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थ्यांनीं पुष्कळ वाचलीं आहेत. या वेळीं आम्ही त्यांच्यापुढें एका चित्रपट-कंपनीच्या चालकाचें चरित्र ठेवीत आहों. ही निवड पाहून कित्येक पालकांच्या कपाळीं आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. सिनेमाचा धंदा म्हणजे दिखाऊपणा, उधळपट्टी व नांवाची हांव, असा समज समाजांत खोल रुजलेला आहे. आणि तो सर्वस्वीं निराधार आहे, असेंहि आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु त्याच धंद्याच्या ऐन मध्यभागीं उभा राहून, एका बलाढ्य संस्थेचीं सूत्रें हातीं असतां, स्वतः मात्र शक्य तितकें मागें राहणारा एक पुरुष आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेला. प्रभात फिल्म कंपनीचे एक संस्थापक कै. विष्णुपंत गोविंद दामले हे ते पुरुष होत. दुसऱ्यावर चालणारी सत्ता माणसाच्या ठायीं कोठून येते, हा प्रश्न ज्यांना कधीं पडला असेल, त्यांनीं हें चरित्र अवश्य वाचावें.

विष्णुपंतांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजीं कोंकणांतील पेण या गांवीं झाला. पेण हें गणपतीच्या मूर्तींसाठीं प्रसिद्ध; परंतु विष्णुपंतांच्या कलेचें खरें शिक्षण झालें तें सह्याद्रीच्या अलीकडे, कोल्हापुरांत. शाहू महाराजांच्या आश्रयामुळें त्या काळीं कोल्हापूर गायन, कुस्ती, चित्रकला व नाटक यांनीं गजबजलें होतें. तेथें आनंदराव व बाबूराव मेस्त्री या बंधूंचा नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यांत मोठा लौकिक होता, व त्यावरून लोक त्यांना पेंटर या नांवानेंच ओळखीत. त्यांच्या हाताखालीं विष्णुपंत उमेदवारी करूं लागले. शेजारच्या कागल गांवचे फत्तेलाल हे मुसलमान तरुणहि तेथेंच काम शिकत होते. कोंकणांतला एक ब्राह्मण व कागलचा एक मुसलमान यांची या कामावर जी गांठ पडली, ती मृत्यूनेंच सोडविली. पुढें सारी मंडळी एकाला दामलेमामा व दुसऱ्याला साहेबमामा म्हणूं लागली.

या कारखान्यांत केवळ रंगाचें काम नव्हतें. लांकूड, लोखंड, कापड, कांच, माती, जें हातीं पडेल त्यास आकार द्यावयाचा, असा तेथील शिरस्ता होता. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं राजा हरिश्चंद्र हा मूकपट लोकांपुढें आणला, तेव्हांपासून पेंटर बंधूंच्या मनानें चित्रपटाचा ध्यास घेतला होता. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतकें द्रव्य जवळ नव्हतें. म्हणून त्यांनीं तो स्वतःच घडविण्याचें ठरविलें. आनंदराव १९१६ सालीं वारले आणि काम अर्धवट राहिलें. तें बाबूरावांनीं पुढें नेलें व त्यांत दामले त्यांचे उजवे हात झाले.

हें काम किती अवघड होतें, याची आमच्या विद्यार्थ्यांस कल्पना यावी म्हणून थोडें सांगतों. कॅमेऱ्यांतील फीत सारखी सरकत गेली तर चित्र पुसट उमटतें. ती क्षणमात्र अगदीं निश्चल उभी राहिली पाहिजे, तेवढ्यांत तिच्यावर प्रकाश पडला पाहिजे, आणि मग झांकण मिटलेलें असतांना ती नेमकी एका चित्राएवढी खालीं ओढली गेली पाहिजे; आणि हें सर्व दर सेकंदास पंधरा-वीस वेळां, एका केसाचीहि चूक न होतां. असें यंत्र कोल्हापुरांतील कारागिरांनीं १९१८ च्या सुमारास आपल्या हातांनीं घडवून चालविलें. दामल्यांना जी विद्या पुढें जन्मभर पुरली, ती येथें मिळाली. यंत्र बिघडलें तर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं, ही निश्चिंति त्या विद्येनें त्यांना दिली.

त्याच सुमारास बाबूराव पेंटर यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तानीबाई कागलकर या गायिकेनें तिला भांडवल पुरविलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या कंपनीचा सैरंध्री हा मूकपट १९२० सालीं पुण्यास लागला व तो पाहून लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतरच्या आठ-नऊ वर्षांत त्या कंपनीनें सिंहगड, सावकारी पाश यांसारखे नांवाजलेले चित्रपट काढले. दामले तेथें नेपथ्यापासून रसायनशाळेपर्यंत सर्व खात्यांत वावरले. १९२८ सालीं त्यांनीं व फत्तेलालांनीं मिळून कर्णाच्या चरित्रावरील मूकपटाचें दिग्दर्शन केलें. दोघांचें नांव एकत्र लागण्याचा हा आरंभ होता.

यानंतर दामल्यांच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण प्रसंग आला. १९२९ सालीं ते, फत्तेलाल, शांताराम वणकुद्रे आणि केशवराव धायबर असे चौघे जण बाबूरावांची कंपनी सोडून बाहेर पडले. ज्या गुरूनें हातांत कुंचला दिला, त्यालाच सोडून जावयाचें! या कृत्यास कोणी कृतघ्नपणा म्हणेल, आणि त्याला लगेच खोटें पाडणें सोपें नाहीं. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार वर्षें टिकली नाहीं, हेंहि खरें. तथापि शिष्य जेव्हां गुरुगृहीं मावेनासा होतो, तेव्हां त्यानें तेथेंच अडगळ होऊन राहावें, कीं बाहेर पडून गुरूची विद्या वाढवावी? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर बाहेर पडण्याच्या दिवशीं देतां येत नाहीं. बाहेर पडून त्यानें काय केलें, तें पाहूनच तें द्यावें लागतें. बाबूरावांच्या घरची शिस्त, नेपथ्याची नजर व हातानें काम करण्याची संवय या चौघांनीं बरोबर नेली आणि पुढें शेंकडों माणसांना शिकविली. गुरूचें ऋण फेडण्याचा हाहि एक मार्ग आहे.

१ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. या चौघांना सीतारामपंत कुलकर्णी हे द्रव्य पुरविणारे पांचवे भागीदार मिळाले. कामाची वांटणी सरळ होती. दिग्दर्शन मुख्यतः शांतारामांकडे, छायाचित्रण धायबरांकडे, देखावे व वेषभूषा फत्तेलालांकडे, आणि यंत्रें, रसायनशाळा व एकंदर कारभार दामल्यांकडे. गोपालकृष्ण हा त्यांचा पहिला मूकपट. त्याच्या पाठोपाठ आणखी पांच मूकपट निघाले. त्यांपैकीं शिवचरित्रावरील एकाचें मूळचें स्वराज्याचें तोरण हें नांव त्या वेळच्या परीक्षक मंडळास खपलें नाहीं, म्हणून तो १९३० सालीं उदयकाल या नांवानें प्रसिद्ध करावा लागला.

इतक्यांत मूकपटांचा काळ संपला. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस आलम आरा हा बोलपट लागला आणि देशांतील प्रत्येक चित्रपट-कंपनीपुढें जगण्या-मरण्याचा प्रश्न उभा राहिला. बोलपटांत माणसाचा आवाज प्रथम विजेच्या प्रवाहांत व मग प्रकाशाच्या कमी-अधिक तेजांत बदलावा लागतो, आणि तो प्रकाश चित्राच्या कडेला एका अरुंद पट्टीवर उमटवावा लागतो. फीत आतां सेकंदास बरोबर २४ चित्रें, म्हणजे मिनिटास ९० फूट, याच गतीनें धांवली पाहिजे. गति जराशी ढळली तरी गाणें बेसूर होतें. दोन तासांच्या बोलपटास अशी १०,८०० फूट फीत लागते. कॅमेऱ्याची घरघर, दिव्याचें गुणगुणणें, बाहेर भुंकणारें कुत्रें, सारें त्या फितीवर उमटतें. दामल्यांचें वय तेव्हां चाळिशीच्या घरांत होतें. या वयांत पुष्कळ कारखानदार नवें काम पगारी माणसावर सोंपवून मोकळे होतात. दामल्यांनीं ध्वनिमुद्रणाचें खातें स्वतःकडे घेतलें व कानाला यंत्र लावून ते विद्यार्थ्यासारखे शिकत बसले. १९३२ सालीं प्रभातचा अयोध्येचा राजा निघाला. मराठींतील पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो. हिंदींतहि तो त्याच वेळीं तयार केला होता. दुर्गाबाई खोटे व गोविंदराव टेंबे यांचा आवाज ज्या फितीनें महाराष्ट्रभर नेला, तिच्यामागें दामल्यांचे कान होते.

यश नेहमींच पदरीं पडलें असें नव्हे. १९३३ सालीं सैरंध्रीची कथा पुनः घेऊन ती रंगीत करण्याचा प्रभातनें घाट घातला. फितीवरील रंगाची प्रक्रिया जर्मनींत करविली. पण रंग मनाजोगे उतरले नाहींत व खर्च मात्र झाला. अशा वेळीं भागीदार एकमेकांवर दोष ढकलूं लागले म्हणजे संस्था बुडते. प्रभात बुडाली नाहीं. त्याच वर्षीं तिनें आपलें बिऱ्हाड पुण्यास हलविलें. गांवाबाहेर एरंडवण्याच्या माळावर तिचा नवा स्टुडिओ उभा राहिला. चित्रणाचे भव्य मंडप, रसायनशाळा, सुतारशाळा, वेषभूषेचीं दालनें, बाग, तळें, पाळलेलीं जनावरें, असें तें एक स्वतंत्र गांवच होतें. नट, गायक, सुतार, शिंपी, सर्वांना महिन्याचा पगार. सर्वांना कामाची ठराविक वेळ.

हें गांव चालविणें म्हणजे काय, तें आमच्या वर्धा जिल्ह्यांतील मुलांस कापसावरून समजेल. हिंगणघाट किंवा पुलगांव येथें कापूस जिनांत गेला कीं त्याची सरकी निघते, पुढें रुईची गांठ बांधतात, मग सूत, मग कापड. जिनांत सरकीचा तुकडा रुईंत राहून गेला, तर त्याचा उपद्रव सूत कांतणाऱ्याला होतो. चित्रपटाचें अगदीं असेंच आहे. सुतारानें भिंत ठोकली ती पोकळ वाजली, तर आवाज बिघडतो. रसायनशाळेंतलें पाणी उन्हाळ्यांत तापलें, तर फीत खराब होते. आणि नटाचा उत्तम अभिनय वायां जातो. म्हणून सर्व खात्यांवर एका माणसाची नजर असावी लागते, आणि त्या माणसाला सर्व खात्यांतलें कळावें लागतें. प्रभातमध्यें ती नजर दामल्यांची होती. सुताराला ते चूक दाखवीत तेव्हां सुतार मुकाट्यानें ऐके; कारण रंधा दामल्यांच्या हातांत दिला, तर तेंच काम ते करून दाखवितील, हें त्याला ठाऊक असे. मालकाच्या हुकुमाहून हें बळ निराळें व अधिक टिकाऊ होय.

त्याच काळांत अमेरिकेंत आयर्व्हिंग थालबर्ग या नांवाचा एक विख्यात चालक होऊन गेला. मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीच्या चित्रनिर्मितीचीं सूत्रें १९२४ पासून त्याच्या हातीं होतीं. कोणतें कथानक घ्यावें, कोणता नट निवडावा, कोणता भाग पुन्हां चित्रित करावा, हें तो ठरवी. पण निर्माता म्हणून आपलें नांव तो पडद्यावर येऊं देत नसे. १९३६ च्या सप्टेंबरांत, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, तो वारला. नांवाविषयींच्या अनासक्तींत दामले व तो सारखेच. परंतु एक मेजावरून राज्य करी व दुसरा कारागिराच्या चौरंगावरून. ज्या वर्षीं थालबर्ग गेला, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दामल्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें कार्य लोकांपुढें आलें.

तें कार्य म्हणजे संत तुकाराम हा बोलपट. दिग्दर्शक दामले व फत्तेलाल. कथा-संवाद शिवराम वाशीकर यांचे, संगीत केशवराव भोळे यांचें. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे व भजनांत रमणारे विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. कंपनींत अगदीं साध्या कामापासून चढत आलेल्या गौरी या बाई जिजाई झाल्या. यांतच या दोघां दिग्दर्शकांची दृष्टि दिसते. त्यांनीं मोठीं नांवें शोधलीं नाहींत. भूमिकेला शोभेल असें माणूस शोधलें, मग तें स्टुडिओच्या अंगणांत कां सांपडेना. शांताराम आठवले यांनीं या बोलपटासाठीं रचलेलें एक पद इतकें साधलें कीं, पुष्कळांना तें तुकोबांचाच अभंग वाटलें. चित्रांत चमत्कार आहेत, शेवटीं वैकुंठास जाणारें विमानहि आहे. पण मनांत राहते ती संसाराच्या ओझ्याखालीं वांकलेली, देवावर रागावणारी, तरी नवऱ्याला भाकर बांधून देणारी जिजाई. आपल्याकडच्या कोणत्याहि शेतकऱ्याच्या घरांत ती ओळखूं यावी, इतकी खरी आहे.

मुंबईस हा बोलपट एका वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ सालीं इटलींत व्हेनिस येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत जगांतील निवडक उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. पुढें जत्रांतून, तंबूंतून फिरणाऱ्या सिनेमावाल्यांनीं तो खेड्यापाड्यांत नेला. जो माणूस आपलें नांव मागें ठेवी, त्याच्या हातचें काम इतकें दूर गेलें.

यानंतर या जोडीनें १९३८ सालीं गोपालकृष्ण, १९४० सालीं संत ज्ञानेश्वर, आणि १९४१ सालीं राजा नेने यांच्यासह संत सखू हे बोलपट दिले. यांपैकीं संत ज्ञानेश्वराविषयीं आमच्या वाचकांस विशेष सांगावेंसें वाटतें. त्यांतील ज्ञानेश्वरांची भूमिका अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घराण्यांतील शाहू मोडक यांनीं केली. आळंदीच्या ज्ञानेश्वरांचें चरित्र. तें पडद्यावर आणणाऱ्या दोघांपैकीं एक ब्राह्मण, दुसरा मुसलमान. आणि ज्ञानेश्वर झालेला तरुण ख्रिस्ती! यावर दामल्यांनीं कोठें व्याख्यान दिलें नाहीं किंवा त्याचा डांगोराहि पिटला नाहीं. काम ज्याला साधतें त्याला तें द्यावें, एवढेंच त्यांनीं केलें. धर्माधर्मांतील सलोख्यावर आपण सभा पुष्कळ भरवितों. त्या सलोख्याचें हें उदाहरण मात्र कामाच्या जागीं, कोणी न बोलतां घडलें, म्हणून आम्हांस तें अधिक मोलाचें वाटतें.

आतां चरित्राचा दुःखद भाग. धायबर यापूर्वींच भागीदारींतून बाहेर पडले होते. १९४२ सालीं शांतारामहि प्रभात सोडून गेले व त्यांनीं मुंबईस राजकमल कलामंदिर काढलें. ज्यांनीं एकत्र येऊन एका गुरूचें घर सोडलें, त्यांचेंहि घर असें फुटलें. दामल्यांची प्रकृति या काळांत खालावत गेली. ५ जुलै १९४५ रोजीं पुणें येथें, वयाच्या ५२ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. त्यांच्यानंतर प्रभात सांवरली नाहीं. १९५३ सालीं तिचें काम थांबलें. फत्तेलाल १९६४ सालीं निवर्तले.

येथें चरित्रकारानें केवळ स्तुति करून भागणार नाहीं. दामल्यांच्या मौनाचा महिमा आम्ही गाइला. पण त्या मौनाची एक उणीवहि आहे. प्रभातची घडी भागीदारांच्या परस्पर विश्वासावर बसली होती, आणि दामल्यांचा अधिकार त्यांच्या हातांतील कसबावर. या दोन्ही गोष्टी माणसाबरोबर जातात. माणसें दुरावलीं किंवा मेलीं, तरी संस्थेनें कसें उभें राहावें, याची तरतूद झाली नव्हती. अवघ्या आठ वर्षांत एवढी मोठी संस्था मिटली, यांत काळाचा व बाजाराचा दोष असेलच. परंतु आपल्यामागें काय, हा प्रश्न थोर चालकानेंहि वेळीं विचारला पाहिजे, हा धडा यांतून घ्यावाच लागतो. शाळा, सहकारी पेढी, ग्रामपंचायत, जेथें कोठें एकाच कर्त्या माणसावर सारें चालतें, तेथें हा धोका असतो.

तरीहि शेवट निराशेचा नाहीं. एरंडवण्याच्या त्याच जागेंत १९६० सालीं भारत सरकारनें चित्रपट-विद्येची शाळा काढली. आज ती फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट म्हणून देशांत मान्यता पावली आहे, व शेजारच्या रस्त्याला प्रभातचें नांव आहे. जेथें दामले मुलें हाताशीं धरून काम शिकवीत, तेथें आज देशाच्या सर्व भागांतून मुलें तेंच काम शिकण्यास येतात. स्टुडिओची शाळा झाली. दामल्यांसारख्या माणसाच्या जागेचा याहून योग्य उपयोग आम्हांस सुचत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें कारखान्याचे, कचेरीचे किंवा शाळेचे चालक होतील. खुर्ची मिळतांच अधिकार मिळाला, अशी त्यांनीं समजूत करून घेऊं नये. हाताखालच्या माणसाचें काम स्वतः करून पाहावें, यश वांटून घ्यावें, आणि आपल्यामागें काम चालेल अशी व्यवस्था लावून ठेवावी. यांतील पहिल्या दोन गोष्टी विष्णुपंतांनीं करून दाखविल्या. तिसरी पुढच्यांनीं करावयाची आहे.